रेस खाली येईना : एका जुन्या आरएक्स १००चं प्रकरण

गुरुजींनी आपली यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल माझ्या गॅरेजसमोर उभी केली, रेस सोडली आणि दोन्ही हात हँडलवरून काढून घेतले. इंजिन तसंच ओरडत राहिलं. पाच सेकंद, आठ सेकंद. मग हळूहळू आवाज उतरला, दोन गचके बसले आणि गाडी बंद पडली. किक मारली तर चालू होईना. चोक ओढून मारली, पहिल्याच किकला चालू.

"हे असं व्हायलंय बघ," गुरुजी म्हणाले. "चौघांनी हात लावला. पंधरा दिवसाला काहीतरी नवं बसवायलो. गुणच येईना."

त्या एका मिनिटात निदानाला लागणारं जवळजवळ सगळं माझ्यासमोर घडून गेलं होतं. तरीही खऱ्या दोषापर्यंत पोचायला मला दोन दिवस लागले, आणि त्यातला एक दिवस माझ्याच चुकीच्या अंदाजात गेला. हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण टू-स्ट्रोक गाड्या आपल्या भागात अजून बऱ्याच आहेत, त्यांना ओळखणारे हात मात्र कमी होत चाललेत. आणि नेमक्या या दोषापायी चांगली इंजिनं भंगारात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

गाडी आणि तिचा मालक

गुरुजी लातूर जिल्ह्यातल्या औशाच्या पुढच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. चौथीला मी त्यांच्या हाताखाली होतो, त्यामुळे ते मला अजून "तू" म्हणतात आणि मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसत नाही. गाडी १९९२ची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरचे कितीतरी दिवस ते याच गाडीवर औषधं आणि भाकरीची गाठोडी घेऊन पडलेल्या गावांत जात होते. गाडी विकायचा विषय त्यांच्या घरात निघत नाही, तो यामुळं.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. इंजिन ९८ सीसीचं, बोर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०च. ७५०० फेऱ्यांना ११ अश्वशक्ती. आत येणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाच्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं उघडणाऱ्या पातळ पट्ट्या), ठिणगीला सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा), आणि टू-टी म्हणजे टू-स्ट्रोकच्या ऑईलसाठी वेगळा पंप, म्हणजे पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून टाकायची गरज नाही. आजच्या गाड्यांच्या मानानं भाग इतके थोडे, की नीट विचार केला तर दोषाला लपायला जागा फारशी नसते. पण विचार न करता हात घातला तर हीच गाडी माणसाला वर्षभर फिरवते.

आधी काय काय झालं होतं

काहीही खोलायच्या आत मी गुरुजींकडून सगळा इतिहास लिहून घेतला. ही सवय मी कधी सोडत नाही. त्यांच्याकडे वहीच होती, शिक्षकाची वही, तारखांसकट.

तक्रार सुरू झाली दिवाळीनंतर. त्याआधी उन्हाळ्यात गाडी "जरा रुसायची", पण चालायची. पहिल्या मिस्त्रीनं प्लग बदलला. दुसऱ्यानं कार्बोरेटर खराब आहे म्हणून बाजारातला नकली कार्बोरेटर बसवला. तिसऱ्यानं सीडीआय आणि कॉईल बदलली. चौथ्यानं सायलेन्सर जाळून कार्बन काढला, एअर फिल्टरचा फोम काढून फेकला आणि "आता मोकळा श्वास घेईल" असं सांगून मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र, मोठा घातला. सगळा मिळून खर्च चार हजारांच्या वर. मधल्या काळात एकदा औशाहून येताना उताराला गाडीनं पिस्टन धरला, म्हणजे तो तापून सिलिंडरमध्ये अडकला. मागचं चाक घसटलं, गुरुजींनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. दहा मिनिटांनी इंजिन थंड झाल्यावर पुन्हा किक बसली आणि ते घरी आले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. ते ऐकल्यावर मी म्हटलं, गुरुजी, गाडी बरी होईपर्यंत इथंच राहील, तुम्हाला बसस्थानकावर मी सोडतो.

त्यांच्यासोबत नातू होता, बारावीतला. त्याचं म्हणणं वेगळंच होतं. "काका, फिल्टर नका बसवू, आवाज भारी येतोय. नुसता पिकअप वाढवा. साठच्या वर चढायलीच नाही." त्याला तेव्हा मी काही बोललो नाही. फिल्टरचं पुढं सांगतो.

बाहेरून जे दिसलं

दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनावर सुरुवात केली.

प्लग काढला. चिनीमातीचं टोक पांढरंफटक, जणू नुकतंच दुकानातून आणलंय. नीट चालणाऱ्या गाडीचं हे टोक दुधाच्या चहासारखं असतं. पांढरं म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त, आतलं तापमान वाढलेलं. मेकॅनिक याला लीन म्हणतात. काळं आणि ओलं असतं तर उलट.

कॉम्प्रेशन गेज लावला, रेस पूर्ण उघडी ठेवून किका मारल्या. चौरस इंचाला ११२ पौंड. या वयाच्या इंजिनाला उत्तम. मग सायलेन्सर उतरवून एग्झॉस्टच्या तोंडातून टॉर्च मारली आणि पिस्टन वरखाली करून पाहिला. टू-स्ट्रोकची ही मोठी सोय आहे, ब्लॉक न काढता पिस्टनची बाजू आणि रिंगा डोळ्यांनी दिसतात. उभे ओरखडे होते, पण हलके. लाकडी काडीनं रिंग दाबली तर मोकळी दबत होती. म्हणजे त्या दिवशी पिस्टन धरला होता, पण ब्लॉकचं फारसं नुकसान झालं नव्हतं. बोअर करायची गरज नाही, हे तिथंच ठरवून टाकलं. पुष्कळ ठिकाणी हे न बघता थेट ०.२५ मिलिमीटर मोठा पिस्टन सुचवतात. असं केलं की मूळ दोष जागेवरच राहतो आणि नवा पिस्टनही महिन्याभरात धरतो.

ठिणगी निळी, जाड. मॅग्नेटवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या टोकावरच्या वीज तयार करणाऱ्या चाकावर, हातोडीचे घाव दिसले, कुणीतरी पुलर (ते ओढून काढायचं अवजार) न वापरता ते ठोकून काढलं होतं. घाव पाहून मला त्याला दांड्यावर ठरल्या जागी धरणारी आतली लॉक-की तुटल्याची शंका आली. ती सरकली तर ठिणगीची वेळच बदलते. शंकेची नोंद करून पुढं गेलो.

आता चालू इंजिनावरच्या दोन चाचण्या. या दोन्हींना एक पैसा लागत नाही.

पहिली, चोकची. चोक ओढला की मिश्रणात पेट्रोल वाढतं. गाडी गरम केली, रेस वर राहायला लागली, तेव्हा चोक अर्धा ओढला. गरम, निरोगी इंजिन अशा वेळी गुदमरतं. हे सुधारलं, रेस खाली आली आणि स्लो, म्हणजे रेस न देता चालण्याची गती, ठरल्या जागी टिकला. दुसरी, कार्बोरेटरच्या एअर स्क्रूची. तो पूर्ण आत फिरवला की हवा कमी होते, मिश्रण दाट होतं आणि चांगली गाडी अडखळते. ही गाडी तिथंच सगळ्यात बरी चालत होती. पांढरा प्लग, चोक, स्क्रू, तिघं एकच सांगत होते : इंजिनाला पेट्रोल तरी कमी मिळतंय, नाहीतर हवा तरी जास्त.

माझा वाया गेलेला दिवस

आणि इथं मी चुकलो. "साठच्या वर चढत नाही" हे नातवाचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं, त्यामुळे मी पेट्रोलच्या वाटेकडे वळलो. टाकीत टॉर्च मारली तर तळाला गंज. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढला, त्याची जाळी लाल चिखलानं भरलेली. कॉकखाली बाटली धरून मोजलं, एका मिनिटात १५० मिलिलिटर. टाकी धुतली, जाळी साफ केली, पुन्हा मोजलं, ३५० मिलिलिटर. दुपटीहून जास्त! मला वाटलं, सापडलं. अर्धा दिवस टाकीच्या गंजावर घालवला, झाकणाचं हवेचं भोकही मोकळं केलं, आणि संध्याकाळी औसा रोडला चक्कर मारली. चार किलोमीटर गाडी छान चालली. पाचव्या किलोमीटरला रेस सोडली आणि इंजिन पुन्हा तसंच ओरडत राहिलं.

रात्री घरी बसून साधा हिशोब केला, जो मी सकाळीच करायला हवा होता. ही गाडी ताशी ६० किलोमीटरनं जाताना लिटरला ४० देते असं धरलं, तर तासाला दीड लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे मिनिटाला २५ मिलिलिटर. अगदी लिटरला ३० दिलं तरी मिनिटाला ३३. तुंबलेला कॉक १५० देत होता. गरजेच्या चौपट! जाळी घाण होती हे खरं, ती साफ करायलाच हवी होती, पण तो या आजाराचा दोष नव्हता. एखादी गोष्ट खराब सापडली म्हणजे तीच कारण असते, असं नाही.

आणखी एक गोष्ट मी कानाआड केली होती. पेट्रोलची वाट तुंबली तर गाडी भरधाव असताना अडखळते, स्लोवर कशाला ओरडेल? स्लोवर इंजिनाची भूक अगदी थोडी असते, तेवढं पेट्रोल कसंही पोचतं. स्लोवर त्रास जास्त आणि तोही रेस चढण्याचा, याचा अर्थ पेट्रोल कमी नव्हतं, हवा जास्त होती. कुठूनतरी चोरटी हवा आत शिरत होती.

चेंबर हा पंप आहे

इथं थोडं थांबून सांगतो, कारण चौघांचंही लक्ष याच ठिकाणी गेलं नाही.

फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या खाली, क्रँक (पिस्टनच्या वरखाली होण्यानं फिरणारा दांडा) फिरतो त्या चेंबरमध्ये फक्त ऑईल असतं. तिथं थोडी हवा शिरली तरी इंधनाच्या मिश्रणाला फरक पडत नाही. टू-स्ट्रोकमध्ये तसं नाही. पिस्टन वर जाताना खालच्या चेंबरमध्ये ओढ निर्माण होते, त्या ओढीनं रीडच्या पट्ट्या उघडतात आणि कार्बोरेटरमधलं मिश्रण आधी चेंबरमध्ये येतं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. ७५०० फेऱ्यांना हे सेकंदाला १२५ वेळा घडतं. म्हणजे क्रँकचं चेंबर हा कार्बोरेटर आणि पिस्टन यांच्यामधला पंप आहे, आणि पंप हवाबंद हवा.

त्याला हवाबंद ठेवणाऱ्या गोष्टींत सगळ्यात नाजूक म्हणजे क्रँकच्या दोन टोकांवरची दोन ऑईल सील. उजव्या बाजूचं सील क्लचकडे आहे. ते गेलं तर इंजिन गिअर ऑईल पितं : पांढरा-निळा धूर, ओला प्लग, गिअर ऑईलची पातळी कमी. हा दोष धुरामुळं लगेच कळतो. डाव्या बाजूचं सील मॅग्नेटकडे आहे, तिथं ऑईल नाही, नुसती हवा. ते गेलं तर धूर नाही, ठिबक नाही, काहीही दिसत नाही. प्रत्येक फेरीला इंजिन थोडी हवा तिथून ओढतं, आणि कार्बोरेटरला त्या हवेचा पत्ताच नसतो.

आता गुरुजींच्या वहीतली एकेक ओळ जुळायला लागली. स्लोवर इंजिन एवढीशी हवा घेत असतं, त्यात ही चोरटी हवा मोठा वाटा खाते, म्हणून स्लोवर त्रास जास्त. गार असताना सीलच्या ओठावरचं ऑईल घट्ट असतं, ते फट थोडी भरून काढतं आणि चोकही ओढलेला असतो. इंजिन तापलं की ऑईल पातळ होतं, चोक परत जातो आणि दोष उघडा पडतो, म्हणून पाचवा किलोमीटर. आणि दिवाळीनंतर का? लातुरात उन्हाळ्याच्या दुपारी ४२ अंश असतं, डिसेंबरच्या पहाटे १०च्या आसपास. गार हवा त्या मानानं दहा-अकरा टक्क्यांनी जड. जेट तोच, हवा जड, म्हणजे मिश्रण आणखी पातळ.

त्यात भर पेट्रोलची. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. नुसतं पेट्रोल जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. मिसळलेल्या पेट्रोलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे १९९२च्या जेटमधून तेवढंच पेट्रोल आलं तरी इंजिनाच्या दृष्टीनं ते कमीच पडतं. शिवाय जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, ते फुगतं, मग कडक होतं. आपल्याच शिवारातल्या उसापासून हे इथेनॉल बनतं आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं त्याचं मोल मला कळतं. पण तीस वर्षांच्या गाडीत ते ओतताना तिची रबरं आणि जेट तपासायला हवेत, हे कुणीतरी गाडीवाल्याला सांगितलं पाहिजे.

उताराला पिस्टन का धरला, तेही इथंच कळतं. या गाडीचा ऑईल पंप दोन गोष्टींवर चालतो, इंजिनाच्या फेऱ्या आणि रेसच्या केबलची ओढ. उताराला गुरुजींनी रेस सोडली, पंप कमीत कमी मात्रेवर आला. पण चोरट्या हवेमुळं फेऱ्या वरच राहिल्या. मिश्रण पातळ, आत आग, ऑईल थोडं. पिस्टन फुगला आणि धरला. त्या दिवशी क्लच दाबला गेला नसता तर, हा विचार आजही मला नको वाटतो.

रक्तदाबाच्या यंत्रानं तपासणी

अंदाज कितीही पटला तरी आदल्या दिवशीच्या अनुभवानंतर मी मोजल्याशिवाय काही बदलणार नव्हतो.

चेंबर हवाबंद आहे का, हे बघायची रीत अशी : सगळी तोंडं बंद करायची, आत थोडा दाब भरायचा आणि तो किती टिकतो ते पाहायचं. दाब चौरस इंचाला ६ पौंडांच्या आसपास पुरे. त्याहून फार भरला तर चांगली सीलसुद्धा जागेवरून सरकतात, म्हणून कंप्रेसर इथं अजिबात लावायचा नाही. एवढा कमी दाब दाखवणारा गेज गॅरेजमध्ये नसतो. माझ्याकडे आहे तो शेजारच्या डॉक्टरांनी टाकून दिलेल्या, घड्याळी तबकडीच्या रक्तदाब यंत्राचा. त्याची तबकडी पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंत जाते, म्हणजे ५.८ पौंड. हाताने दाबायचा रबरी फुगा त्याच्यासोबतच असतो, हवा सोडायचा स्क्रूही. यापेक्षा चांगलं साधन विकत मिळणार नाही.

एका जुन्या प्लगची चिनीमाती फोडून काढली होती, त्याच्या लोखंडी कवचाला नळी जोडलेली. तो प्लगच्या जागी बसवला. एग्झॉस्टच्या तोंडात रबरी बूच घट्ट बसवलं. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या नळीच्या) रबरात लाकडी दट्ट्या घातला, वरून क्लिप आवळली. ऑईल पंपाची बारीक नळी जिथं शिरते ते तोंडही बंद केलं. पिस्टन सगळ्यात खाली आणून ठेवला, कारण तिथं बाजूच्या वाटा उघड्या असतात आणि सिलिंडर व चेंबर मिळून एकच पोकळी होते. मॅग्नेट पुलर लावून काढलं. लॉक-की शाबूत होती, ती शंका तिथंच मिटली. त्यामागची कॉईलची प्लेटही उतरवली, म्हणजे सील समोर आलं.

एक अडचण या रीतीत आहे. रीडच्या पट्ट्या आतून दाब आला की मिटतात, त्यामुळे मॅनिफोल्डकडची गळती यात नीट कळत नाही. म्हणून ती बाजू मी आधीच चालू इंजिनावर तपासली होती. स्लोवर चालू ठेवून मॅनिफोल्डच्या जोडावर आणि रबरावर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. तिथून हवा ओढत असेल तर पाणी फट झाकतं आणि आवाज बदलतो. आवाज बदलला नव्हता.

फुगा दाबत २५०पर्यंत नेलं आणि हात काढला. काटा बघता बघता उतरला. वीस सेकंदांत १००च्या खाली. साधारण नियम असा, की मिनिटाला एक पौंडाहून, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरहून जास्त उतरायला नको. पुन्हा भरलं आणि साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे लावत गेलो. हेडचा जोड, कोरडा. ब्लॉकच्या खालचं पॅकिंग, कोरडं. चेंबरच्या दोन भागांचा जोड, कोरडा. मॅग्नेटच्या बाजूला सीलभोवती ब्रश टेकवला आणि क्रँकच्या दांड्याशी पांढरे बुडबुडे उकळल्यासारखे वर आले.

नातू त्या दिवशी आला होता. तो खाली बसून बघत राहिला. "काका, म्हणजे इथून हवा खायलती?" होय, इथून.

दुरुस्ती

सील काढण्याआधी क्रँकचं टोक धरून वरखाली हलवून पाहिलं. बेअरिंग ढिलं असेल तर क्रँक डगमगतो आणि नवं सीलही काही महिन्यांत खलास होतं. तसं असतं तर सगळं इंजिन फाडावं लागलं असतं. खेळ नव्हता.

जुन्या सीलच्या कडेला दोन बारीक स्क्रू रोवून पक्कडनं ते सरळ बाहेर ओढलं. रबराचा ओठ नखानं दाबला तर दबेना, प्लास्टिकसारखा टणक. दांड्यावर जिथं तो ओठ इतकी वर्षं घासला होता तिथं नखाला लागेल अशी रेघ पडली होती. नवं सील त्याच खोलीला बसवलं तर नवा ओठ पुन्हा त्या रेघेत जाऊन बसणार. म्हणून ते जेमतेम एक मिलिमीटर बाहेर ठेवलं, ओठ ताज्या जागेवर यावा म्हणून. ओठाला थोडं ग्रीस, स्प्रिंगची बाजू चेंबरकडे, आणि मापाच्या पाइपच्या तुकड्यानं सगळीकडून सारखं ठोकत बसवलं. वाकडं बसलं तर सगळी मेहनत फुकट. सीलची किंमत दोनशेच्या आत.

मग पुन्हा फुगा. २५०. एका मिनिटानं काटा २३५वर. पाच मिनिटं उभा राहून बघितला.

झाकलेली दुसरी चूक

सगळं जोडून गाडी चालू केली आणि गाडी धुरात बुडाली. स्लो ठीक, रेस सोडली की लगेच खाली, पण मधल्या रेसला भडभड, प्लग दोन किलोमीटरमध्ये काळा. नातवाचा चेहरा उतरला. मला मात्र बरं वाटलं, कारण हे अपेक्षित होतं. चौथ्यानं घातलेला मोठा जेट नकळत चोरट्या हवेची भरपाई करत होता, तो अजून तिथंच होता. एक चूक दुसरीला इतके दिवस तोलून धरत होती. हवेची वाट बंद झाली आणि जेटचा जास्तपणा दिसायला लागला. अशा वेळी नवं सील चुकीचं बसलं असं समजून ते पुन्हा काढणारे आहेत. आधी मोजलेलं असलं की तसं वाटत नाही.

नकली कार्बोरेटरच्या जेटवर नंबरच नव्हता. गुरुजींना फोन केला, मूळचा कार्बोरेटर टाकला तर नाही ना? "टाकीन कशाला? पत्र्याच्या डब्यात ठेवलाय." दुसऱ्या दिवशी एसटीनं स्वतः घेऊन आले. मिकुनीचा मूळ नग. तीस वर्षांत त्याची स्लाइडसुद्धा फार झिजली नव्हती. त्याला दोष देऊन काढला होता, त्याच्यात दोष नव्हताच. पेट्रोलमध्ये भिजवून, सगळी छिद्रं हवेनं मोकळी करून, फ्लोटची उंची बघून तो परत बसवला, त्यात कंपनीच्या मापाचाच मेन जेट.

आणि एअर फिल्टर. नातवाला बाजूला बसवून सांगितलं. फिल्टर काढला की हवा मोकळी येते, म्हणजे मिश्रण पातळ होतं, म्हणजे तुझ्या आजोबांचा पिस्टन धरण्याला तेही एक कारण होतं. शिवाय डिसेंबरात कारखान्याच्या रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक धावतात, हवेत नुसता फुफाटा. ती धूळ कार्बोरेटरमधून थेट क्रँकच्या बेअरिंगवर आणि रिंगांवर जाते. टू-स्ट्रोकमध्ये चेंबरातूनच सगळं जातं, हे तू बुडबुड्यांत पाहिलंस ना? त्यानं मान हलवली. नवा फोम त्यानंच टू-टी ऑईलमध्ये भिजवला, पिळला आणि बसवला.

चक्कर मारली. रेस सोडली की आवाज लगेच खाली. वीस किलोमीटरनंतर प्लग फिकट तपकिरी, पण माझ्या मनाला किंचित पांढरट. आजच्या पेट्रोलचा हा परिणाम. कार्बोरेटरमधली नीडल म्हणजे पेट्रोलची वाट कमीजास्त करणारी सुई. तिची क्लिप एक खाच खाली घेतली, म्हणजे नीडल वर उचलली जाते आणि मधल्या रेसला पेट्रोल थोडं वाढतं. ऑईल पंपाच्या केबलची खूण जुळवली, नळीतला हवेचा बुडबुडा काढला. नातवाला हवा होता तो पिकअप आपोआप आला. साठच्या पुढं गाडी अडली नाही.

सहाशे किलोमीटरनंतर गुरुजी दाखवायला घेऊन आले. प्लग काढला, चहाच्या रंगाचा. पुन्हा एग्झॉस्टमधून पिस्टन पाहिला, नवा ओरखडा नाही. सगळं बंद करून फुगा लावला, एका मिनिटात २५०वरून २३०. उजव्या बाजूचं सील मात्र डाव्याच्याच वयाचं आहे, तेही जाणारच. त्यासाठी इंजिन आत्ताच फाडायला मी नको म्हटलं. दर महिन्याच्या एक तारखेला गिअर ऑईलची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे काम नातवाकडे दिलं. पातळी उतरायला लागली किंवा सकाळचा धूर दहा मिनिटांनंतरही थांबेना झाला, की गाडी इकडं आणायची. गुरुजींनी तिथंच वहीचं नवं पान काढून वर रेघ मारली आणि पहिली तारीख टाकली.